घळ, गुहा आणि ‘धबाबा’

रविवारी सज्जनगड करून तसेच पुढे ठोसेघरला गेलो. धुकं इतकं, की धबधबा दिसेचना, नुसता आवाज. कठड्याला धरून उभी असलेली लेक एकदम म्हणाली, “धबाबा तोय आदळे!” शिवथरघळीवरची समर्थांची ओळ तिला पाठ आहे. लगेच दोन प्रश्न: ‘धबधबा’ का नाही म्हटलं? आणि घळ म्हणजे गुहाच ना?

पहिल्याचं उत्तर मला असं सुचलं. धबधबा हे नाम, तर धबाबा हा पाणी कसं कोसळतं ते सांगणारा शब्द. शिवाय छंद अनुष्टुभ, म्हणजे चरणात आठ अक्षरं. ‘धबधबा’ घातलं तर नऊ होतात. ‘भीमरूपी महारुद्रा’च्या चालीत ही ओळ म्हणून पाहा, अगदी चपखल बसते. आणि दोन दीर्घ ‘बा’ लागोपाठ आल्यावर तोंडही तसंच उघडतं, जसं वरून पाणी यावं! त्याला लागूनच ‘तोय’, म्हणजे पाणी, हा संस्कृत शब्द. समर्थांना देशी आणि संस्कृत एका पंगतीला बसवताना कधी अडचण आली नाही.

घळीपाशी मात्र मी अडलो. जाणकारांनी सांगावं.

*

दादा, घळ म्हणजे गुहा नव्हे. माझं माहेर पाटणकडचं. आमच्याकडे पाण्यानं डोंगर कापून केलेली अरुंद, खोल खाच म्हणजे घळ. “म्हैस घळीत उतरली,” असं ऐकलं की आजी दोर घेऊनच निघायची. अशा खाचेत कड्याखाली आपोआप झालेला आडोसाही घळच, जशी हेळवाकची रामघळ. माणसानं कोरलं तर ते लेणं. भूगोलाच्या पुस्तकातली घळई याच कुळातली. गुहेत अंधार आधी आठवतो, घळीत पाणी. म्हणून शिवथरला घळ हाच शब्द शोभतो, तिथं पावसाळ्यात धबधबा तोंडाशीच कोसळतो.

*

एक भर. शिवथरची घळ आपल्या सातारा जिल्ह्यात नाही, रायगडातल्या महाड तालुक्यात आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती पुन्हा उजेडात आणली. दासबोधाचं लेखन तिथं झालं, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी लिहून घेत, ही परंपरा.

*

दोघांचेही मनापासून आभार. लेकीला वाचून दाखवलं. आता एक विनंती: घळ स्त्रीलिंगी आहे, ती घळ, त्या घळी. हल्ली सर्रास ‘शिवथरघळमध्ये’ लिहितात, ते फार खटकतं. ‘शिवथरघळीत’ म्हणा.