किम दे-जुंग यांचे १९९७चे गणित

लोकशाहीवादी नेते किम दे-जुंग १९९७ला दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले ते तुरुंगवासाची सहानुभूती आणि आर्थिक संकट यामुळे, असं म्हटलं जातं. अर्धंच पटतं. सहानुभूती १९८७ आणि १९९२लाही होतीच की, तरी पडले. ८७ला तर विरोधी पक्षातलेच दुसरे नेते किम यंग-साम आणि दे-जुंग, दोघेही उभं राहण्याच्या हट्टाला पेटले, विरोधी मतं फुटली आणि सत्ताधाऱ्यांचे उमेदवार रोह ते-वू जेमतेम ३७ टक्क्यांत राष्ट्राध्यक्ष झाले.

९७ला त्यांनी हात मिळवला तो किम जोंग-पिल यांच्याशी. म्हणजे १९६१मध्ये केसीआयए ही दक्षिण कोरियाची गुप्तचर संस्था उभी करणारा माणूस! याच संस्थेने १९७३मध्ये दे-जुंगना टोकियोतल्या हॉटेलातून पळवून बोटीवर बांधून ठेवलं होतं. (तेव्हा जोंग-पिल पंतप्रधान होते.) जोंग-पिलना बदल्यात पुन्हा पंतप्रधानपद, आणि दे-जुंगच्या पदरात जोंग-पिल यांच्या चुंगचाँग प्रांताची मतं. त्यात सत्ताधारी पक्षातून फुटून उभे राहिलेल्या ली इन-जे यांनी सत्ताधाऱ्यांची मतं फोडली. एवढं होऊनही दे-जुंग यांचं मताधिक्य दोन टक्क्यांच्या आतच.