मदत हवी आहे: लिंबाच्या रसाने ल्युमिनॉलचा (निळं उजळणाऱ्या रसायनाचा) प्रकाश विझतोय, तो व्हिटॅमिन सीमुळे की आंबटपणामुळे?

नमस्कार. मी मुलुंडला एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) माझ्या दोन विद्यार्थिनी एकदा वापरून टाकायच्या पट्ट्यांवर व्हिटॅमिन सी मोजायचा प्रोजेक्ट करताहेत. त्यातल्या एकीची आई स्टेशनजवळ लिंबू-आवळा सरबत विकते. सकाळी काढलेल्या रसात संध्याकाळी किती व्हिटॅमिन सी उरतं, हा त्या मुलीचा स्वतःचा प्रश्न आहे. म्हणूनच हे अर्धवट सोडायची माझी तयारी नाही.

पट्टी म्हणजे घरी शुगर तपासतो त्या पट्टीची बहीणच. प्लॅस्टिकवर छापलेले कार्बनचे दोन इलेक्ट्रोड आणि चांदीचा एक रेफरन्स (तुलनेसाठीचा इलेक्ट्रोड). त्यावर ल्युमिनॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पीएच 10 चा कार्बोनेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं अल्कधर्मी द्रावण) यांचा थेंब. पोटेन्शिओस्टॅटवरून (नेमका व्होल्टेज देणाऱ्या यंत्रावरून) 0.6 व्होल्ट दिले की थेंब निळा उजळतो. (बऱ्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये बी12 आणि डी याच तत्त्वावर मोजतात, फक्त तिथे ल्युमिनॉलच्या जागी रुथेनियमचं संयुग असतं.) व्हिटॅमिन सी स्वतः उजळत नाही. प्रकाश ज्यांच्यामुळे पडतो त्या रॅडिकलना (चटकन प्रतिक्रिया देणाऱ्या कणांना) व्हिटॅमिन सी खाऊन टाकतं, त्यामुळे जितकं सी जास्त तितका उजेड कमी.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साधा फोटोडायोड 425 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला फारच कमी दाद देतो, म्हणून बुटाच्या खोक्याला आतून काळा कागद लावून फोन बसवलाय. आयएसओ आणि शटर कायम ठेवलंय, ऑटोवर आकडे भरकटत होते. पावसाळ्यात पट्ट्या सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवतो.

शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडवर (म्हणजेच शुद्ध व्हिटॅमिन सीवर) सीचं प्रमाण आणि उजेड यांची सुंदर सरळ रेषा मिळते. लिंबाचा रस दहापट पातळ करून घातला की मात्र उजेड जवळजवळ नाहीसा होतो, आणि त्या रेषेवरून हिशेब केला तर लिंबात आवळ्याइतकं व्हिटॅमिन सी निघतं! हे शक्यच नाही. आयोडिन टायट्रेशनने (आयोडिन थेंबाथेंबाने घालून सी मोजायच्या नेहमीच्या पद्धतीने) तोच रस बरोबर येतो. चूक कुठे शोधू?

– खडूफळा

रसायनवाला: ताई, आधी आम्लाचा हिशेब करा. लिंबाच्या रसात 100 मिलिलिटरला साधारण 5-6 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड असतं आणि व्हिटॅमिन सी 40-50 मिलिग्रॅम. म्हणजे आम्ल सीच्या शंभरपट. दहापट पातळ केलं तरी तुमचा बफर ते पेलणार नाही, आणि ल्युमिनॉलचा उजेड पीएच उतरला की झपकन पडतो. शुद्ध सीच्या द्रावणात हे आम्लच नव्हतं, म्हणून तिथे रेषा छान आली. नुसत्या लिंबूसत्त्वाचं (म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडचं) तितकंच आंबट द्रावण पट्टीवर घालून बघा. तोही थेंब विझला तर प्रश्न मिटला.

निळाई: रसायनवालांशी सहमत. बफरची ताकद वाढवा आणि रस निदान शंभरपट पातळ करा. अजून एक, अल्कलीत व्हिटॅमिन सी हवेनेच झपाट्याने ऑक्सिडाइज होतं. थेंब टाकल्यापासून किती सेकंदांनी फोटो काढायचा ते ठरवून टाका, नाहीतर एकच नमुना दर वेळी वेगळं बोलेल. आवळ्याच्या रसाला रंग असतो, तो निळा प्रकाश थोडा गिळतो. म्हणून त्याच रसात मोजून मापून अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घाला आणि उजेड किती उतरतो ते पाहा. शुद्ध पाण्यातली रेषा रसाला लावू नका.

खडूफळा: दोघांचे मनापासून आभार. आज दुपारी मिश्रणाचा पीएच मोजला, 10 चा 7 च्याही खाली गेला होता! आम्ही बफर बाटलीत मोजत होतो, रस मिसळल्यावर कधीच नाही. लिंबूसत्त्वाच्या थेंबानेही उजेड गेला. मुलींनी लगेच शंभरपट पातळ करून पाहिलं, पीएच 10 च्या जवळ टिकला आणि आकडा टायट्रेशनच्या बराच जवळ आला. उद्यापासून थेंब पडल्यावर बरोबर 20 सेकंदांनी फोटो. आता आवळ्याकडे वळतोय. त्याच्यात सी इतकं जास्त की शंभरपटीतही उजेड पूर्ण जातो. कुणी आवळ्यावर काम केलं असेल तर किती पातळ करावं लागलं ते सांगाल का?