स्लाइड्स फ्रिजमध्ये ठेवताना
कुणीतरी जुन्या फोटोंच्या स्लाइड्स (प्रोजेक्टरवर बघायच्या फिल्मच्या छोट्या चौकटी) डब्यात घालून सरळ फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलंय, ते बरोबरच आहे, थंडाव्यात रंग उडणं खूप मंदावतं, पण आपल्या ठाण्यात पावसाळ्यात हवा एवढी दमट असते की नुसता डबा पुरत नाही. आत सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुड्या टाका, डबा झिपलॉकमध्ये घट्ट बंद करा आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाहीतर थंड फिल्मवर पाणी सुटतं न मग बुरशी आलीच. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, तिने जिलेटिन, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरून ठेवणारा थर, खाल्लेलं असतं, पाणी लागलं की चित्रच निघून येतं.

आमच्या घोडबंदरच्या घरी बाबांच्या १९७०च्या आसपासच्या स्लाइड्स आहेत, त्यात कोडॅकच्या दोन प्रकारच्या फिल्म आहेत, कोडॅक्रोममधला आईच्या साडीचा लाल अजून तस्सा आहे, एक्टाक्रोम मात्र सगळ्या गुलाबी पडल्यात. पण कोडॅक्रोम अंधारातच टिकते हं, प्रोजेक्टरच्या उजेडात उलट लवकर उडते, त्यामुळे प्लीज पाहुण्यांना स्कॅन दाखवा, ओरिजिनल नको. आणि स्लाइड्स ठेवायचे ते वास मारणारे पीव्हीसी प्लास्टिकचे पाउच आजच काढा, पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचे घ्या.