'आयन चॅनल'ला मराठीत काय म्हणावं? वाहिनी, झडप की उघाडी

नेरूळ : मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. रोगप्रतिकारक पेशींमधल्या पोटॅशियम आयन चॅनलवर मराठीत टिपण लिहितेय. आयन चॅनल म्हणजे पेशीपटलातलं असं प्रथिन, ज्याच्या छिद्रातून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ये-जा करतात. 'आयन वाहिनी' लिहिलं, तर मुलांच्या डोळ्यांपुढे रक्तवाहिनीसारखी लांब नळी आली. पेशीपटल जेमतेम काही नॅनोमीटर जाड, तिथे नळी कुठली? दुसरा शब्द सुचवा.

ठाणे : ताई, 'वाहिनी'त दुसरीही अडचण आहे. तिच्यात 'वाहून नेणं' आहे, आणि ते काम 'वाहक' प्रथिनांचं. चॅनल कुणालाही उचलून नेत नाही. ते उघडतं आणि आयन आपल्या उताराने जातात.

टी पेशी या रोगप्रतिकारक पेशीचंच बघा. ती चेतवली गेली की कॅल्शियम आत येऊ लागतं. त्याचा धनभार आत साचत गेला, तर मागून येणारं कॅल्शियम अडेल. म्हणून पोटॅशियम बाहेर पडतं, आतली बाजू ऋणभारित राहते आणि कॅल्शियमचा ओघ टिकतो. त्यावरच पुढे इंटरल्यूकिन-२ या, पेशींना इशारा देणाऱ्या प्रथिनाचं जनुक जागं होतं. म्हणजे एकाला येता यावं म्हणून दुसऱ्याने बाहेर पडायचं! यात भर उघडझापीवर आहे, म्हणून मी 'झडप' म्हणेन. हृदयाच्या झडपा मुलांना ठाऊक असतात.

नेरूळ : पण झडप म्हणजे नुसतं दार. वाटेचं काय?

दिवाळे, बेलापूर : आमच्याकडे यासाठी 'उघाडी' आहे. आजोबांची खारजमीन होती. खाडीच्या बांधात उघाडी असायची. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून बाहेर जायचं, भरतीला ती आपोआप मिटायची. वाट आणि दार एकाच शब्दात.

ठाणे : काका, शब्द फार सुंदर आहे. उताराने जाणं तंतोतंत जुळतं. फरकही सांगायला हवा. उघाडी पाण्याच्या दाबाने हलते. टी पेशीतलं केव्ही१.३ हे पोटॅशियम चॅनल पटलावरचा विद्युतदाब बदलला की उघडतं, तर केसीए३.१ हे दुसरं पोटॅशियम चॅनल उघडतं ते कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटल्यावर. शिवाय उघाडीतून पाण्याबरोबर निवटी ही चिखलातली मासळीही जाते. पोटॅशियम चॅनल सोडियमला अडवतं, आणि सोडियमचा आयन आकाराने लहान असूनही! हे कसं घडतं ते रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या चॅनलची रचना उलगडून दाखवलं. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

नेरूळ : आणि 'रेग्युलेशन'? नियंत्रण की नियमन?

ठाणे : नियमन. नियंत्रणात बाहेरून लगाम घालणं आलं. इथे पेशी स्वतः गरजेप्रमाणे चॅनलची संख्याही बदलते. पुन्हापुन्हा चेतवल्या गेलेल्या स्मृतिपेशींत, म्हणजे जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या टी पेशींत, केव्ही१.३ खूप वाढतं, म्हणून स्वप्रतिरक्षा विकारांच्या (ज्यांत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते) संशोधनात त्याच्यावर लक्ष आहे. समुद्रातल्या सी अ‍ॅनिमोन या प्राण्याचं एक विष ते अडवतं. पण 'बंद करतं' लिहू नका. चॅनल आपणहून मिटतं ते मिटणं, विष तोंडात अडकून बसतं ते बुजवणं.

दिवाळे, बेलापूर : मग त्या विषाला 'बूच' म्हणा की.

नेरूळ : बूच घेतलं! टिपणात चॅनलला 'आयनमार्ग' लिहिते, त्याच्या दाराला 'झडप', आणि पहिल्याच परिच्छेदात उघाडीचं उदाहरण. काका, तुमच्या बाजूला एखादी उघाडी अजून उभी असेल तर सांगा. ओहोटीची वेळ बघून मुलांना घेऊन येते.