'व्हिंटेज व्हीनोज'मधला रिदम आणि पाच तारांची गिटार: सेटिंग कुठे चुकतंय?

रिदमवेडा
रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सच्या एक्स-पेन्सिव्ह वायनोज या बँडचं संकलन 'व्हिंटेज व्हीनोज' (२०१०) समोर ठेवून ओपन जी (नुसत्या मोकळ्या तारांवर जी कॉर्ड वाजेल असं ट्यूनिंग) शिकतोय. गिटार फेंडर स्ट्रॅटच्या धाटणीची, ट्रेमोलो (स्प्रिंगवर हलणाऱ्या) ब्रिजची, तारांचा सेट ९-४२ (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). सहावी तार काढली, पाचवी आणि पहिली उतरवली. आता एक तार जुळवली की बाकीच्या चढतात, पाचवी लोंबते आणि फ्रेटवर खरखरते. डिस्टॉर्शन लावलं की मोकळा जी कॉर्डसुद्धा बेसूर वाटतो. ब्रिजमागच्या स्प्रिंग सैल कराव्यात का? शिवाय या संकलनातली कोणती गाणी आधी घ्यावीत?

पाचतारी
आधी ट्यूनिंग तपासा. जाड तारेकडून बारीक तारेकडे जी-डी-जी-बी-डी. म्हणजे पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. चौथी, तिसरी, दुसरी जागच्या जागी.

तारा चढतात याचं कारण ताण. २५.५ इंच स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) ९-४२ च्या सहा तारांचा एकूण ताण ३८-३९ किलोच्या आसपास असतो. एक काढून दोन उतरवल्या की तो २९ वर येतो. मागच्या स्प्रिंग मात्र तेवढ्याच जोराने ओढत असतात, त्यामुळे ब्रिज मागे बसतो, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. सॅडलही (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खाली जातात, म्हणून खरखर. स्प्रिंग ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात तिचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करा, पुन्हा ट्यून करा, ब्रिज पूर्वीच्या जागी येईपर्यंत हेच चालू ठेवा.

तारखेच
कारण बरोबर आहे, पण उपाय या क्रमाने करू नका. मुळात ९-४२ सेट या कामाचा नाही. त्यातली पाचवी तार ३२ ची. ती जी वर आणली की ताणच उरत नाही, जोरात मारली तर सूर वर जाऊन मग खाली येतो. आज स्प्रिंग सैल केल्यात आणि उद्या जाड तारा घातल्यात तर सगळं उलटं करावं लागेल. आधी तारा, मग स्प्रिंग, मग नेक, शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते).

कीथच्या पाच तारांसाठी सांगितली जाणारी मापं ११, १५, १८, ३०, ४२. ती घातली तर पाच तारांचाच ताण ४५ किलोच्या घरात जातो, म्हणजे तुमच्या आधीच्या सहा तारांपेक्षा जास्त. तेव्हा ब्रिज पुढे झुकेल, स्प्रिंग घट्ट कराव्या लागतील, कदाचित एखादी वाढवावीही लागेल, आणि नेक पुढे वाकली तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) थोडा आवळावा लागेल. सोपा मार्ग: ११-४९ चा सेट घ्या आणि त्यातली ४९ ची तार बाजूला ठेवा. उरतात ११, १४, १८, २८, ३८. ताण ४० किलोच्या आसपास, म्हणजे गिटार आत्तापर्यंत ज्या ताणाला सरावली आहे त्याच्या जवळ. स्प्रिंगला हात फारसा लावावा लागणार नाही.

जाड तारा नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत अडकतात. ट्यून करताना 'टिंग' असा आवाज आला आणि सूर एकदम उडी मारून पुढे गेला तर तार खाचेत धरली गेली आहे असं समजा. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. तरीही अडकली तर खाच रुंद करायचं काम दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. तळ खोल गेला तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नट बदलावं लागतं. तार बदलल्यावर एक दिवस थांबून बाराव्या फ्रेटचा सूर आणि तिथला हार्मोनिक जुळतात का ते बघा. फ्रेटचा सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्या.

पाचतारी
मान्य. तारा आधी.

डिस्टॉर्शनमधला बेसूरपणा दुसऱ्या तारेमुळे आहे. ती जी कॉर्डचा गंधार. ट्यूनरवर बिनचूक लावलेला बी हा शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. स्वच्छ आवाजात खपतं, गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) वाढवला की स्वर एकमेकांवर घासतात. पण पूर्ण १४ सेंट उतरवू नका. पाचव्या फ्रेटवर सगळ्या तारा एका बोटाने दाबल्या की सी कॉर्ड होतो. त्यावर मधलं बोट दुसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर आणि अनामिका चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर टाकली की एफ. हीच ये-जा म्हणजे कीथचा रिदम. त्या एफचा षड्ज दुसऱ्या तारेवरच असल्याने ती फार उतरवली तर एफ ढिला वाटतो. पाच-सहा सेंट उतरवा, गेन निम्म्यावर आणा, आणि एफ घेताना पहिली तार बोटाच्या कडेने दाबून मुकी करा.

बी-साइड
गाण्यांबद्दल. हे संकलन वायनोजच्या तीन अल्बमांतून निवडलेलं आहे: 'टॉक इज चीप' (१९८८), १५ डिसेंबर १९८८ ला हॉलिवूड पॅलेडियममध्ये झालेल्या कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम (१९९१), आणि 'मेन ऑफेंडर' (१९९२). शेवटी 'हरिकेन' आहे, ते या तिन्हींत नाही.

सुरुवात 'टेक इट सो हार्ड'ने करा. त्यात गिटार किती वेळ गप्प आहे ते मोजा. जोर त्या मोकळ्या जागेत आहे, आणि ती जागा स्टीव्ह जॉर्डनचा स्नेअर भरतो. (हाच जॉर्डन २०२१ पासून स्टोन्सबरोबर ड्रमवर आहे.) दुसरं 'विकेड अ‍ॅज इट सीम्स'. 'बिग इनफ' लगेच घेऊ नका. तिथे बेसवर बूट्सी कॉलिन्स आहे, गाणं त्याच्या बेसवर उभं आहे. नुसत्या गिटारने वाजवलं तर हाती काही लागत नाही. 'मेक नो मिस्टेक' ऐकण्यासाठी ठेवा: सारा डॅशचा आवाज आणि विली मिचेलने बांधलेले हॉर्न.

बँडमधला दुसरा गिटारवादक वॉडी वॉक्टेल, त्याची गिटार वेगळी ओळखायला शिका. हेडफोनचा एकच कान लावून ऐका, मग दुसरा. दोघांचे भाग एकत्र उतरवून एका गिटारवर बसवायला गेलात की हात गुंततो, आणि चूक हाताची नसते.

संकलन घ्यायचं की मूळ अल्बम? शिकण्यासाठी संकलन पुरतं, कारण स्टुडिओ आणि मंच दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. पण एकच घ्यायचा तर मी 'टॉक इज चीप' म्हणेन, २०१९ ची आवृत्ती. त्यात सहा जादा ट्रॅक आहेत.

रिदमवेडा
११-४९ मागवतो. लाइव्ह 'हॅपी' कुठे धरायचं? मोकळ्या तारांवर पट्टी जुळत नाही.

तारखेच
चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा). जी वरून चार अर्धस्वर चढून बी. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावा, फ्रेटच्या मधोमध नको; मधोमध लावला तर तारा जास्त दाबल्या जाऊन सूर चढतो. स्प्रिंगचा जोर जास्त असलेला कॅपोही हेच करतो. लावल्यावर पुन्हा ट्यून करा, काढल्यावरही. आणि दुसऱ्या तारेचे ते पाच-सहा सेंट कॅपो लावूनच ठरवा, नाहीतर मोकळ्या तारांवर जुळलेला गंधार वर गेल्यावर पुन्हा घासायला लागतो.