परत पाठवण्याचं उद्दिष्टही त्यातच आहे
संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या स्थलांतर कराराबद्दल 'या करारावर सही केली की सीमा उघड्या टाकाव्या लागतील' हे इथल्या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय, ते पटत नाही. मुळात या करारावर सह्या झाल्याच नाहीत. डिसेंबर 2018 मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला तो स्वीकारला गेला आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 152 विरुद्ध 5 मतांनी मंजूर झाला. तो कायद्याने बंधनकारक नाही, आणि आपल्या हद्दीत कुणाला येऊ द्यायचं हा प्रत्येक देशाचा सार्वभौम अधिकार आहे, हे मसुद्यात स्पष्ट लिहिलंय.

इथे कुणीच न काढलेला मुद्दा म्हणजे करारातल्या 23 पैकी 21 वं उद्दिष्ट. ते परत पाठवणीबद्दल आहे: राहण्याचा हक्क नसलेल्यांना सुरक्षितपणे, सन्मानाने परत पाठवायचं आणि मायदेशाने आपल्या नागरिकांना परत घ्यायचं. कडक धोरण मागणाऱ्यांना नेमकं हेच तर हवं असतं! तरीही बेल्जियममध्ये याच करारावरून एन-व्हीए हा फ्लेमिश राष्ट्रवादी पक्ष सत्तेतून बाहेर पडला आणि काही दिवसांतच पंतप्रधान शार्ल मिशेल यांना राजीनामा द्यावा लागला. विरोध जरूर करा, पण आधी निदान ती 23 उद्दिष्टं तरी वाचा, एवढीच कळकळीची विनंती. बेपत्ता स्थलांतरितांचा शोध घेणं, त्यांच्या घरच्यांना कळवणं हेही त्यातच आहे, आणि त्याला कुणाचा विरोध असेल असं मला वाटत नाही.