‘लपवायचं नसेल तर मोबाईल दाखवा’ : या पोस्टला उत्तर

वाईची वकील
काल एकांनी इथे लिहिलं की पहलगामच्या अतिरेकी हल्ल्यानंतर नाकाबंदीत पोलिसांनी मोबाईल उघडायला सांगितला, त्यांनी लगेच उघडून दिला, आणि जो देणार नाही त्याच्यावर नजर ठेवा. हे वाचून गप्प बसवेना. डिकी तपासणं वेगळं. माझ्या फोनमध्ये पक्षकारांचे कागद आहेत, सासूबाईंचे तपासणी रिपोर्ट आहेत. झडती घ्यायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 105 प्रमाणे चित्रीकरण करा. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर बंधन घालता येतं, पण त्याला कायदा लागतो, रास्त हेतू लागतो आणि ते गरजेपुरतंच असावं लागतं. “दाखव बघू व्हॉट्सअॅप” यात यातलं काय आहे?

माजी सुभेदार, अपशिंगे
ताई, पहलगामला 26 माणसं मारली. त्यांचे हक्क कुठल्या कलमात? आम्ही सीमेवर असताना घरची पत्रं फोडून तपासलेली यायची. बायकोने काय लिहिलंय ते माझ्याआधी दुसऱ्याने वाचलेलं असायचं. कधी तक्रार केली नाही.

आले बागायतदार, कोरेगाव
सुभेदारसाहेब, तुम्ही शपथ घेऊन गेलेला. आमच्याकडून कुणी शपथ घेतली? फोनचं सोडा, सप्टेंबर 2023 ला पुसेसावळीच्या दंगलीनंतर सातारा जिल्ह्याचं नेटच बंद केलं, त्याचं बोला. माझा आल्याचा सौदा ठरलेला, गाडी भरलेली, व्यापारी म्हणतो पैसे पाठवता येत नाहीत. मजूर दारात बसून. पुसेसावळी खटाव तालुक्यात, आमचा काय संबंध?

औंधकर
संबंध विचारताय? त्या रात्री एका माणसाचा जीव गेला. एका पोस्टवरून पेटलं होतं सगळं. आम्ही दारं लावून बसलो होतो आणि बाहेर कुठून जमाव येतोय ते कळत नव्हतं. नेट चालू राहिलं असतं तर तेच मेसेज गावोगाव गेले असते. तुमचे पैसे चार दिवसांनी आले असतील ना? गेलेला माणूस येत नाही.

आले बागायतदार, कोरेगाव
गेलेल्याचं दुःख मलाही आहे, ते मला शिकवू नका. पण नेट नव्हतं तेव्हा आमच्या गावात तोंडी अफवा दुप्पट उठल्या. खरं काय ते बघायला काही साधनच नव्हतं. माझ्या भाच्याचा प्रवेशाचा अर्ज अडकला तो वेगळाच.

वाईची वकील
मूळ मुद्दा राहिला बाजूला, तरी सांगते. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नेटबंदीचा आदेश जाहीर करावा लागतो, आणि बेमुदत बंदी चालत नाही. तो आदेश तुमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिला?

औंधकर
घराबाहेर दगड पडत असताना आदेश वाचत बसू का?

वाईची वकील
तुम्ही नका वाचू. पण तो लावलेला असला की उद्या त्याला आव्हान देता येतं. फोन टॅपिंगचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालाने गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांची मुदत आणि वर पुनर्विलोकन समिती लावून दिली. सुरक्षा त्याने बुडाली का?

कुंडलचा
आमच्या भागात प्रतिसरकार होतं, इंग्रजांना झुगारून लोकांनी चालवलेलं. क्रांतिसिंह नाना पाटील 1942 पासून 1946 पर्यंत भूमिगत राहिले ते लोकांनी तोंड उघडलं नाही म्हणून. इंग्रज सरकारच्या लेखी तो देशद्रोहच होता.

माजी सुभेदार, अपशिंगे
ते परक्यांचं राज्य होतं. आपल्या पोलिसांना त्या पंगतीत बसवता? लाज वाटू द्या.

कुंडलचा
1975 ला राज्य आपलंच होतं ना? आणीबाणीत माझ्या चुलत्यांना मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली उचललं, का ते घरी कुणाला सांगितलं नाही. सरकार नऊ न्यायमूर्तींचा निकाल पाळील या भरवशावर मी फोन देणार नाही.

माजी सुभेदार, अपशिंगे
आणीबाणीचं मान्य. नेटबंदीचा आदेश चावडीवर लावावा, हेही मान्य, त्याने कुणाचं बिघडत नाही. पण नाक्यावरच्या पोराला बारा-बारा तास उभं राहून निर्णय घ्यायचा असतो, त्याच्या हातात तुम्ही कलमांची वही देताय.

वाईची वकील
त्या पोरालाच लेखी सूचना मिळायला हवी, म्हणजे वरचा साहेब उद्या हात झटकणार नाही. ज्यांचे फोन तपासले त्यांनी तारीख, वेळ आणि नाका मला कळवा. मी माहिती अधिकारात अर्ज टाकते.

माजी सुभेदार, अपशिंगे
टाका. मला थांबवलं तर मी मात्र फोन देणार.